पाठ मोबाईलमुळे दुखत नव्हती

चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडमनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि मला विचारलं, "रुबीना, तुम्हाला संध्याकाळी ताप येतो का?"

येत होता. कित्येक महिने येत होता. वजन उतरलं का, झोपेत घाम येतो का, कूस बदलताना जास्त दुखतं का, असं एकेक त्या विचारत गेल्या आणि मी हो म्हणत गेले. मग त्यांनी पेनाच्या टोकाने फिल्मवर दोन मणके दाखवले. बाकीचे मणके विटा रचल्यासारखे सरळ होते. हे दोन पुढच्या बाजूने खचून एकमेकांत रुतले होते.

"याला पॉट्स स्पाइन म्हणतात. म्हणजे मणक्याचा टीबी. औषधाने बरा होतो. पण तुम्ही उशिरा आलात."

मी उशिरा आले नव्हते. पहिल्या महिन्यापासून मी वरोऱ्याच्या एका डॉक्टरकडे जात होते. त्याच्या अकरा चिठ्ठ्या माझ्या पिशवीत होत्या आणि त्यातल्या नऊ चिठ्ठ्यांवर औषधांच्या खाली एकच ओळ होती. "मोबाईल व गेम बंद."

मॅडमनी सगळ्या चिठ्ठ्या चाळल्या. विचारलं, "एक्स-रे पहिल्यांदा कधी काढला?"

"आज सकाळी. तुम्ही सांगितला तेव्हा."

त्यांनी चिठ्ठ्या नीट जुळवून मला परत दिल्या. "या जपून ठेवा," एवढंच म्हणाल्या.

त्या वेळी मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटला तो राग. इतका लख्ख राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्या रागाने मला आधार दिला हेही खरं आहे. आजारपणावर लिहिणारे बहुतेक लोक राग सोडा असं सांगतात. मी तसं सांगणार नाही. डॉक्टरांना आदराने "ते" म्हणायची आपल्याकडे रीत आहे, पण या एका डॉक्टरला मी शेवटपर्यंत "तो"च म्हणणार आहे.

वरोऱ्याच्या बसस्टँडजवळ माझं आणि माझी मैत्रीण वैशाली हिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. शिष्यवृत्ती, पीकविमा, जातीचा दाखला, नोकरीचे अर्ज. जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हाला मान वर करायला फुरसत मिळत नाही. त्याच जूनमध्ये माझी पाठ दुखायला लागली. मी म्हटलं, बसून बसून दुखत असेल.

आणि मी गेम खेळते. वय एकतीस, लग्न नाही केलं, नमाज चुकवत नाही, गेम खेळते. हे एकाच दमात सांगते, कारण गावात हे एकाच दमात बोललं जातं. मारामारीचे गेम मला आवडत नाहीत. मला आवडतात ते फिरायचे आणि कोडी सोडवायचे. ओसाड बेटावरची बंद पडलेली वेधशाळा, तिच्या एकेक खोलीत जायचं, कप्पे उघडायचे, चाकं फिरवून पाहायची आणि शेवटी दुर्बीण चालू करायची. तिथे कोणी मरत नाही आणि वेळही लावलेली नसते. दुपारी सेंटरचं शटर अर्धं ओढून डबा खाता खाता मी टॅबवर अर्धा तास खेळायचे.

डॉक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, "मोबाईल किती बघता?" मी खरं उत्तर दिलं. ती माझी चूक झाली. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि ती ओळ लिहिली. इंजेक्शन घेतलं की दोन-तीन दिवस हलकं वाटायचं, मग दुखणं पहिल्यापेक्षा जोरात परत यायचं. नंतर मॅडमनी समजावलं की त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड म्हणजे सूज आणि दुखणं दाबणारं औषध. आत टीबी असेल आणि टीबीची औषधं चालू नसतील, तर त्याने आजाराला उलट मोकळं रान मिळतं.

तिसऱ्या वेळी मी त्याला संध्याकाळच्या तापाचं सांगितलं. त्याने ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहूनही घेतलं. मग म्हणाला, "डोळ्यांवर ताण आला की अंग गरम होते. गेम बंद करा, ताप बंद होईल."

अब्बा त्या दिवशी माझ्याबरोबर होते. माझे अब्बा कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये मेकॅनिक होते, आता घरीच असतात. घरी येताच त्यांनी माझा टॅब कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"अब्बा, मी लहान आहे का?"

"डॉक्टर सांगून राह्यला ना. बरी झाली की देतो."

कमावत्या पोरीचा टॅब बापाने कपाटात कोंडला, आणि मी गप्प राहिले. कारण तोवर मलाही वाटायला लागलं होतं की दोष माझाच आहे. त्या डॉक्टरचा मला सर्वात जास्त राग याच गोष्टीचा आहे. माझी हाडं झिजली, ती औषधाने भरली. पण कित्येक महिने मी स्वतःवर संशय घेत होते. अम्मी शेजारणींना सांगायची, "मोबाईलनं केलं हिचं असं," आणि मी आत पडून ते ऐकायचे.

जानेवारीत एका दुपारी मी आणि वैशाली सेंटरमधून घरी चालत निघालो होतो. ती मध्येच थांबली.

"रुबी, तुही चप्पल कुठी आहे?"

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती वीस-पंचवीस पावलं मागे रस्त्यातच पडली होती. पाय अनवाणी झाल्याचं मला कळलंच नव्हतं.

वैशालीने चप्पल आणून माझ्या पायात घातली. "हे मोबाईलचं नाई आहे," ती म्हणाली. "उद्या चंद्रपूर. मी येतो तुह्यासंगं." दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. भद्रावतीपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला मी हातांवर जोर देऊन स्वतःला सीटवरून उचलून घेत होते, कारण धक्का थेट मणक्यात जायचा.

तुमच्यापैकी कोणाचं असं होत असेल तर नीट वाचा. विश्रांतीने न थांबणारं पाठीचं दुखणं, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, आणि पाय जड होणं किंवा चप्पल निसटणं. डॉक्टर काय वाट्टेल ते म्हणो, फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायला लावा. खोकला नसतानाही टीबी असू शकतो. मला एकदाही खोकला आला नव्हता.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मी नऊ दिवस होते. सीटी गायडेड बायोप्सी झाली, म्हणजे मशीनमध्ये पाहत पाहत पाठीतून सुई घालून मणक्याचा तुकडा काढला. तो सीबीनॅट नावाच्या तपासणीला गेला. तिच्यात टीबीचे जंतू आहेत का आणि मुख्य औषध त्यांना लागू पडेल का, हे दोन्ही कळतं. रिपोर्ट येईपर्यंत मी छताकडे पाहत सूड रचत होते. त्याच्या दवाखान्याची पाटी उतरलेली मी पाहिली. त्याला लोकांनी रस्त्यात अडवलेलं पाहिलं. त्याचीच पाठ दुखते आहे आणि मी त्याला सांगते आहे की मोबाईल बंद करा, हेही पाहिलं. हे लिहिताना लाज वाटत नाही. तेव्हा मला दुसरं काही करता येत नव्हतं.

रिपोर्ट आला. टीबी होता, औषध लागू पडणारा होता. ऑपरेशन लागणार नाही असं मॅडम म्हणाल्या, पण तीन महिने पलंगावर, तेही पाठीवरच. मग ब्रेस घालून उभं राहायचं. औषधं दीड वर्ष.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी अब्बा आले. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या उशीजवळ ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. टॉवेलात टॅब होता. पूर्ण चार्ज केलेला. मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी आल्यावरही बरेच दिवस बोलले नाही.

पण टॅब बघायचा कसा? मला बसता येत नव्हतं. आडवं पडून तो चेहऱ्यावर धरला की हात दुखायचे आणि पाठीला ओढ बसायची. अब्बांनी ते पाहिलं. स्टूल घेऊन ते डोक्याशी बसले आणि दोन्ही हातांनी टॅब माझ्या डोळ्यांसमोर धरला. मी खाली बोट लावायचे, ते वर धरायचे. त्यांचे हात भरून यायचे, मनगटं कापायची. मी "बस" म्हणायचे नाही. मुद्दाम म्हणायचे नाही. दररोज तासभर मी माझ्या बापाकडून तो टॅब धरवून घेतला आणि मला त्यात समाधान मिळत होतं.

आता गेमबद्दल माझं मत सांगते, कारण पडून राहणाऱ्या बऱ्याच लोकांना कोणी ना कोणी सांगतं की शांत गेम खेळ, मन रमेल. हे गेम मन शांत करतात हे खोटं आहे. ते मन कामाला लावतात. ज्या गेममध्ये गोड संगीत वाजतं, रोज हजेरी लावली की फुलं मिळतात, अडलं की लगेच बाण येऊन वाट दाखवतो, ते आजाऱ्याला आणखी आजारी करतात. चांगला गेम तुम्हाला खोलीत सोडून देतो आणि गप्प बसतो. जे लागतं ते सगळं त्या खोलीतच असतं. तुम्हाला दिसलं नाही तर परत पाहायचं. मला हे आवडतं, आणि पडल्या पडल्या मला तो डॉक्टर याच्यावरून आठवायचा. ताप, वजन, घाम, सगळं त्याच्यासमोर मांडलं होतं. त्याला परत पाहायचं नव्हतं.

फिरायच्या गेममधल्या जंगलांबद्दलही माझी तक्रार आहे. माझं आजोळ आलापल्लीचं. मामा तिथे लाकडाच्या डेपोत होता. उन्हाळ्यात तिथल्या सागाची पानं गळून एवढी वाळतात की पायाखाली पापडासारखी मोडतात, आणि चाहूल लागू न देता तिथे कोणी चालू शकत नाही. गेममधलं जंगल बारा महिने हिरवं असतं, आणि त्यात माणूस एकटाच निवांत फिरतो. आमच्याकडे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायासुद्धा चार-सहा मिळून जातात आणि आपसात बोलत राहतात, वाघाला कळावं म्हणून. तरीही मी ती खोटी जंगलं फिरले. तीन महिने मला दुसरं कुठलं चालणं नव्हतं. माझे पाय पांघरुणाखाली पडून होते आणि मी टेकडी चढत होते. एकदा चढावर धाप लागल्यासारखी वाटली आणि रडू आलं. अब्बांनी टॅब खाली केला नाही, फक्त तोंड फिरवलं.

साधारण तिसऱ्या आठवड्यात ते बोलले. वेधशाळेतल्या दात्यांच्या चाकांवर मी दोन दिवस अडले होते.

"ते लहान चाक मंधात घाल," अब्बा म्हणाले. "नाई तं एक इकडं, एक तिकडं फिरन."

घातलं. दार उघडलं. जिनिंगच्या मशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला चाकाची दिशा कळणारच. मी म्हटलं, "तुम्हाले आधीच माहीत होतं?"

"दोन दिवसांपासून पाहून राह्यलो. तू बोलत नव्हती ना."

त्या दिवसापासून आम्ही दोघं खेळायला लागलो. माफ केलं असं मी म्हणणार नाही. टॅब धरायला मात्र वैशालीने दुकानातून एक वाकवता येणारा स्टँड आणला आणि मी तो लावू दिला.

मे महिन्यात मी ब्रेस घालून थोडी थोडी बसायला लागले होते. टेलर ब्रेस म्हणजे पाठीला पट्ट्या आणि खांद्याला पट्टे असलेला लोखंडी सापळाच. आमच्याकडच्या उन्हात तो घालून बसणं कसं असतं ते मी लिहीत नाही. आम्ही रंगीत फरशा जुळवायचा एक साधा गेम खेळत होतो. अब्बा म्हणाले, "लाल फरशी त्या कोपऱ्यात ठेव."

"लाल कुठी आहे?"

त्यांनी बोट ठेवलं. मला ती तपकिरी दिसत होती. शेजारची हिरवीही जवळजवळ तशीच. मी टॅबचा उजेड वाढवला. अब्बांनी खिडकीचा पडदा ओढला. काही फरक पडला नाही. मग त्यांनी दोरीवरची अम्मीची लाल ओढणी आणून माझ्यासमोर धरली. तीही मातकट दिसली.

गोळ्या सुरू करताना मॅडमनी बजावलं होतं, रंग फिके दिसले तर त्याच दिवशी फोन करा. मी विसरले होते. अब्बा विसरले नव्हते. त्यांनीच फोन लावला.

टीबीच्या गोळ्यांमध्ये इथॅम्ब्युटॉल नावाचं एक औषध असतं. क्वचित त्याने ऑप्टिक न्यूरायटिस होतो, म्हणजे डोळ्याकडे जाणाऱ्या नसेला इजा होते. पहिल्यांदा लाल-हिरव्यातला फरक जातो. वेळेत थांबवलं तर नजर बहुधा परत येते, नाहीतर कायमची जाऊ शकते. चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे असतात. अब्बांनी सगळे वाचले, मी दोनच. ते औषध त्याच दिवशी बंद झालं, बाकीची चालू राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या लवकर तुमच्या लक्षात कसं आलं?"

अब्बांनी उत्तर दिलं. "गेम खेळून राह्यलो होतो, साहेब."

मला ते वाक्य वरोऱ्याच्या त्या डॉक्टरच्या कानात ओतायचं होतं. रंग परतायला दोन महिने लागले. ओढणी लाल दिसली त्याच आठवड्यात मी ठरवलं की आता जायचं.

सोमवारी सकाळी मी आणि अब्बा त्याच्या दवाखान्यात गेलो. कुर्त्यावरून ब्रेस घातलेला होता, तो ओढणीने झाकला नाही. नंबर घेतला, रांगेत बसलो. आत गेल्यावर मी दार उघडंच ठेवलं.

त्याने मला ओळखलं नाही. "बसा. काय होतं?"

मी अकरा चिठ्ठ्या आणि एमआरआयची फिल्म त्याच्या टेबलावर ठेवली. "ही खालची ओळ वाचा. मोठ्याने."

त्याने चिठ्ठी पाहिली, मग ब्रेस, मग उघडं दार. "पाहा ताई, सुरुवातीला कळत नाही. प्रत्येक पाठदुखीला फोटो काढायला लावला तर लोकच नावं ठेवतात."

"पहिल्या दिवशी नाही काढला, ठीक आहे," मी म्हटलं. "ही तिसरी चिठ्ठी. कोपऱ्यात काय लिहिलंय?"

अक्षर त्याचंच होतं. संध्याकाळी ताप.

"तुम्हाला हवंय काय?" त्याने विचारलं.

"तुमच्या कागदावर लिहून द्या की मला टीबी होता, तुम्ही फोटो काढला नाही, आणि माझी पाठ मोबाईलमुळे दुखत नव्हती."

"असं लिहून देत नसतात."

"बरं. मी बाहेर बसते."

मी बाहेर बसले. बाक टणक होता, ब्रेस बरगडीत रुतत होता. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं की हे काय घातलंय आणि का. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. आवाज चढवला नाही. अब्बा शेजारी बसून फिल्म उजेडाकडे धरायचे आणि ते दोन मणके दाखवायचे. चार-पाच लोक उठून गेले. एक बाई आपल्या मुलीला घेऊन गेली. त्या मुलीचीही पाठ दुखत होती.

दुपारी कंपाउंडर कागद घेऊन बाहेर आला. त्यावर सही-शिक्क्यासह दोनच ओळी होत्या. सदर रुग्णास मणक्याचा क्षयरोग असल्याचे नंतर निदान झाले. त्यांच्या पाठदुखीचा मोबाईल वा गेमशी संबंध नव्हता. फोटोचं त्याने लिहिलं नाहीच.

तो कागद मी लॅमिनेट केला आणि सेंटरमध्ये लोक बसतात त्या बाकासमोर लावला. अर्धं वरोरा फॉर्म भरायला आमच्याकडे येतं. वैद्यकीय परिषदेकडे तक्रारही केली आहे. उत्तर अजून नाही. मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवते. अर्ज करणं हा माझा धंदा आहे, मी कंटाळत नाही.

ती बाई, जी मुलीला घेऊन उठली होती, काही दिवसांनी सेंटरमध्ये आली आणि माझ्यावरच वैतागली. "फोटो काढला, रक्त तपासलं, पोरीले काहीच नाई निघालं. तुमच्या पायी चंद्रपूरले चकरा झाल्या."

"नाई निघालं ते चांगलं झालं," मी म्हटलं. ती तरी रागातच गेली. मला तिचा राग समजला.

एवढं मात्र आता खरं आहे की तो डॉक्टर जुनाट पाठदुखीवाल्यांना फोटो काढायला पाठवतो. लोक येऊन सांगतात, आणि ऐकून मला आनंद होईल असं त्यांना वाटतं. मला त्याची पाटी उतरलेली हवी होती. ती लागलेलीच आहे.

पुढच्या वर्षी जुलैत माझी औषधं संपली. मॅडमनी नवा एमआरआय पाहिला. ते दोन मणके आता एकमेकांत जुळून एकच हाड झाले आहेत, पाठीत थोडा बाक कायम राहील. लिव्हरच्या तपासण्या ठीक, डोळे ठीक, पाय ठीक. मॅडमचे आभार मानायला मी शब्द ठरवून गेले होते, पण हात जोडले तेवढेच. पिवळं तोंड करून ओकणाऱ्या माझ्यासाठी अम्मीने दीड वर्ष रोज वेगळं काहीतरी शिजवलं. वैशालीने दोन हंगाम सेंटर एकटीने ओढलं आणि माझा वाटा कधी कमी केला नाही. यांचं मी काय फेडणार आहे ते मला माहीत नाही.

परतीच्या एसटीत अब्बांनी मला खिडकीची जागा दिली. भद्रावती मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "अजून राग आहे का?"

"आहे."

"माह्यावर?"

"तुमच्यावर नाई."

"मंग असू दे," अब्बा म्हणाले, आणि मांडीवरची फिल्मची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी नीट धरली.